पप्पा झोपलेत

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य म्हणजे ‘पप्पा झोपलेत’. तेही तोंडानं म्हटलं जायचं नाही, नुसते ओठ हलायचे. मम्मीनं एक बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी खोलीच्या कोपऱ्याकडं दाखवलं, की झालं.

कुरुळीत, कंपन्यांच्या पट्ट्यातच, एका शेतमालकानं रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या, एकीला एक लागून. त्यातली एक आमची, मम्मी, पप्पा, मी आणि धाकटा भाऊ. एका भिंतीला गॅस, दुसऱ्या भिंतीला मोरी आणि मधल्या जागेत पप्पांची झोप. पप्पा कंपनीत प्रेस शॉपला होते. मोठाल्या मशीनखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढायचे. थर्ड शिफ्टला भत्ता जास्त मिळतो म्हणून ती त्यांनी मागून घेतली होती. रात्री डबा घेऊन जायचे, सकाळी यायचे आणि बाकीचं जग कामाला लागलं की हे डोक्यावरून चादर ओढून घ्यायचे.

आमची शाळाही शिफ्टमध्ये भरायची. वर्ग कमी आणि पोरं उदंड, म्हणून पहिली ते चौथी सकाळी, बाकीचे दुपारी. मी दप्तर घेऊन निघायचे तेव्हा पप्पा यायचे. कधी कधी रस्त्यातच गाठ पडायची. ते गाडीवरून एकदा हॉर्न वाजवायचे, मी हात हलवायचे. दिवसाउजेडी आमची भेट ही एवढीच. कंपन्यांची, म्हणून त्यांचीही, सुट्टी गुरुवारी आणि माझी रविवारी. पहिलीत बाईंनी ‘आठवड्याचा सुट्टीचा वार कोणता?’ म्हणून विचारलं तेव्हा अर्धा वर्ग ‘गुरुवार’ म्हणून ओरडला होता. बाई शहरातून यायच्या, त्यांना आधी कळेचना.

दुपारी शाळेतून आलं की आमची चोरपावलं सुरू. चप्पल बाहेरच काढायची. दाराच्या कडीला मम्मी खोबरेल तेल लावून ठेवायची, म्हणजे ती कुरकुरायची नाही. नळाला एक फडकं बांधलेलं असायचं, त्यावरून पाणी बादलीत गुपचूप उतरायचं. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. वाफ दाटली की मम्मी उलथन्यानं शिट्टी हळूच उचलायची आणि तोंड बाजूला करून उभी राहायची. ताटं-वाट्या जुन्या साडीच्या घडीवर ठेवायच्या. शिंक आली तर उशीत. टीव्ही चालायचा, पण मुका. कार्टूनमधली मांजर काय म्हणते ते मी मनातल्या मनात ठरवायचे, आणि खरं सांगते, माझी मांजर जास्त चांगलं बोलायची.

हे सगळं मम्मीनं उगाच चालवलं नव्हतं. आम्ही लातूरकडच्या गावाहून नवीन आलो तेव्हा ओळीतल्या तिसऱ्या खोलीत एकजण राहायचा, तोही प्रेसवरच. त्याच्याकडं पाहुणे आले होते, दिवसभर घरात गलका. त्याला झोप मिळाली नाही आणि त्या रात्री मशीनवर डुलकी लागली. दोन बोटं गेली. मम्मी त्याच्या बायकोला भेटायला गेली होती, तिथून आली ती बदललेलीच. त्यानंतर आमच्या घरात पप्पांच्या झोपेला देवासारखं जपलं गेलं. मला एकदा हातातून पेला सुटल्यावर तिनं मारलं नाही, पण पप्पांच्या हाताकडं बोट दाखवलं. ते झोपेत उताणे, हात छातीवर. त्यापेक्षा तिनं दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं.

मग संध्याकाळी पप्पा उठल्यावर बोलायचं की, असं कुणी म्हणेल. अहो, आवाज म्हणजे काय नळ आहे का, फिरवला की सुरू? दिवसभर दाबून ठेवलेला आवाज संध्याकाळी दाबलेलाच निघायचा. पप्पा विचारायचे, ‘आज काय शिकीवलं गं?’ मी सांगायचे. ते ‘हां हां’ करायचे आणि जेवायला बसायचे.

वर्गात माझं नाव घुमी पडलं. वाचनाची पाळी माझ्यावर आली की मागच्या बाकांवरून ओरड, ‘बाई, ऐकूच येत नाही!’ बाई वैतागायच्या. ‘आवाज घरी ठेवून आलीस का गं?’ हो, घरीच ठेवून यायचे, पण हे त्यांना कसं सांगणार? फक्त एकाच खेळात माझा पहिला नंबर. वर्गात फार दंगा झाला की बाई ‘अळीमिळी गुपचिळी, जो बोलेल त्याची…’ म्हणायच्या आणि सगळ्यांनी तोंडं मिटायची. शेवटपर्यंत मीच उरायचे. बाई म्हणायच्या, ‘हिच्याकडं बघा जरा, शिका काहीतरी.’ पोरं माझ्याकडं अशी बघायची की कौतुक नको पण डोळे आवरा, असं वाटायचं.

मैत्रीण एकदाच घरी आली होती. दारातच मी तिला बोटानं गप्प केलं. ती आत आली, मुका टीव्ही बघितला, फडकं बांधलेला नळ बघितला आणि बाहेर गेल्यावर म्हणाली, ‘तुमच्या घरात कुणी मेलंय का?’ दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. परत कुणी आलं नाही, मीही कुणाला बोलावलं नाही.

तिसरीत मात्र माझ्या बाकावर एक मुलगी आली. तिचे वडील कंपनीत कंत्राटावर होते. तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू, समोरच्याचं ऐकायची गरजच नाही, त्यामुळं आमचं छान जमलं. २६ जानेवारीच्या भाषणासाठी बाईंनी तिला निवडलं. ती मधल्या सुट्टीत, प्रार्थनेच्या रांगेत, हात धुताना, सारखी घोकायची आणि मी ऐकायचे. चुकली की मी हळूच पुढचा शब्द द्यायचे. संक्रांतीच्या आसपास एका सोमवारी ती आलीच नाही. वडिलांना कंपनीनं ब्रेक दिला होता. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात. खोली सोडून ते सगळे गावाला गेले होते. मला कुणी सांगितलंही नाही. तिचं खोडरबर माझ्याकडं राहिलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. ‘आता एवढ्या थोड्या दिवसांत भाषण कुणाला येणार?’

माझा हात वर गेला. कसा गेला, देव जाणे.

‘तू?’ बाई म्हणाल्या. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी मला उभं केलं, म्हणायला लावलं. एक शब्द चुकला नाही, आणि पहिल्या बाकाच्या पलीकडं एक शब्द पोचला नाही. बाई जवळ येऊन म्हणाल्या, ‘पाठ तर फक्कड आहे गं. आता आवाज कुठून आणायचा तेवढं बघ.’

मला काय हवं होतं ते सांगते. मला त्या पोरांना दाखवून द्यायचं होतं, ते तर होतंच. पण त्याहून जास्त, मला पप्पांनी ऐकायला हवं होतं. त्यांनी मला मोठ्यानं बोललेलं कधी ऐकलंच नव्हतं. त्यांना माझा आवाज माहीत नाही, असं माझ्या मनानं घेतलं आणि त्या वयात मनानं घेतलेलं सुटत नाही. २६ जानेवारीला सगळ्या कंपन्या बंद. आदल्या रात्रीची थर्ड करून पप्पा सकाळी सुटले की सरळ शाळेत येऊ शकत होते. मी त्यांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, ‘येतो की! माय-बाप येणार नाहीत तर कोण येणार?’

आवाज आणायला मी खोल्यांच्या मागं जाऊ लागले. तिथं एक मोकळा प्लॉट होता. निम्मा गवताचा, निम्मा खडीचा, कडेला दोन बाभळी आणि पल्याड कंपनीची लांबलचक भिंत. पप्पांची नव्हे, दुसरीच कंपनी, पण तिथंही प्रेस होता. दिवसभर धडाम, धडाम. जमीन पायाखाली हलायची. घरात श्वाससुद्धा जपून घ्यायचा आणि इथं एवढा दणका, त्याला कुणी गप्प म्हणत नाही! मला आधी रागच आला. मग लक्षात आलं की या दणक्यात मी कितीही ओरडले तरी कुणाची झोप मोडणार नाही.

त्या प्लॉटवर एक टिटवीची जोडी असायची. मूठभर पाखरू, पण तुम्ही चार पावलं जवळ गेलात की आकाश डोक्यावर घेणार. मला तिचा हेवा वाटायचा. मी खडीच्या ढिगावर उभी राहायचे आणि सुरू करायचे, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो…’ पहिले दोन दिवस नुसता वारा निघाला. मग प्रेसच्या दोन दणक्यांच्या मध्ये शब्द बसवायची युक्ती सापडली. धडाम. ‘आज मी तुम्हाला’. धडाम. ‘जे चार शब्द सांगणार आहे’. धडाम. घसा बसला, आवाज चिरकला, पण निघाला! माझाच आवाज ऐकून मी दचकले. जाड होता. मला तो बारीक असेल असं वाटायचं.

एके दिवशी घरमालकाची म्हातारी आई शेळीला पाला न्यायला आली. बाभळींपासूनच तिनं हाक मारली, ‘आगं पोरी, कुनावर वरडतीस?’

‘भाषण करतीय.’

‘व्हय? मग कर की. हितं कोन न्हाई झोपल्यालं.’

ती पाला घेऊन गेली आणि मी खडीवर बसून रडले. कशाला रडू आलं, तेव्हा कळलं नाही. आज कळतं. मला एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं.

२६ जानेवारीला थंडी मी म्हणत होती. मम्मीनं दोन वेण्या घालून पांढऱ्या रिबिनी बांधल्या आणि ती स्वतः धाकट्या भावाला ताप होता म्हणून घरी राहिली. झेंडा झाला, कवायत झाली, लेझीम झालं. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं पालकांच्या. सगळा वेळ माझी नजर फाटकाकडं. पप्पा आले! कंपनीच्या निळ्या कपड्यातच, पायात ते जड बूट, हातात डब्याची पिशवी. पालकांच्या खुर्च्यांत पहिल्याच ओळीत बसले. मला शोधलं, हात वर केला. माझ्या पोटातली भीती पळालीच. म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते.

पण आधी सरपंच बोलले. मग आणखी कुणी बोलले, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर. तुम्हाला माहीत आहेच आपल्याकडं कसं असतं. ऊन वर आलं, जरा ऊबदार झालं. माझं नाव पुकारलं तेव्हा माइक शिट्ट्या मारायला लागला. गुरुजींनी तो बंद केला आणि म्हणाले, ‘असू दे, तू मोठ्यानं बोल.’

मी पुढं गेले. नमस्कार केला. ‘अध्यक्ष महाशय!’ असा निघाला आवाज, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत. मागच्या बाकांवरची ती कार्टी चमकली, मी बघितलं. ‘पूज्य गुरुजनवर्ग…’ आणि मी पप्पांकडं पाहिलं.

पप्पा झोपले होते.

मान छातीवर, डब्याची पिशवी मांडीवर, हात तिच्यावर. घरात झोपतात तसेच.

मी ठरवून केलं नाही हो. माझ्या आवाजानं आपणहून मान खाली घातली. ‘आणि माझ्या बालमित्रांनो’ हे मी अगदी हळू म्हटलं, जसं दाराची कडी लावतात तसं. पुढचं सगळं भाषण मी तसंच केलं. एक शब्द चुकले नाही. मागून पोरं ‘आवाज! आवाज!’ करायला लागली आणि मला काय वाटावं? राग यावा की लाज वाटावी? छे. मला भीती वाटली की यांच्या ओरडण्यानं पप्पा उठतील. मी ओठांवर बोट ठेवून सगळ्या शाळेला गप्प राहायची खूण केली. भर कार्यक्रमात! मग जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानात आहे. बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

टाळ्यांच्या गलक्यात शेजारच्या माणसानं पप्पांना कोपरानं ढोसलं. ते दचकून उठले आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायला लागले.

खाऊचा पुडा घेऊन मी गाडीवर त्यांच्या मागं बसले. वाटेत ते म्हणाले, ‘लई भारी बोललीस बघ.’ खोल्यांकडं वळायच्या आधी त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा मी त्यांच्या पाठीला म्हणाले, ‘तुम्ही झोपला होता.’ ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले. मग त्यांच्या शर्टाला हिसका दिला. त्यांनी गाडी थांबवली, वळून बघितलं आणि माझं तोंड बघूनच त्यांना कळलं.

गाडी त्यांनी खोलीकडं नेलीच नाही. प्लॉटवर नेली. मला खडीच्या ढिगावर उभं केलं, आपण समोर उकिडवे बसले. डोळे लालभडक. ‘म्हण आता. आता झोपत नाही, तुझी शपथ.’

कंपनी बंद होती. प्रेसचा दणका नाही, रस्त्यावर ट्रक नाहीत. एवढी शांतता मी त्या जागेवर कधी ऐकली नव्हती. मी सुरू केलं आणि नुसती कुजबुज.

‘काय म्हणायलीस? जोरात म्हण की.’

येईना. समोर पप्पा आणि जोरात बोलायचं, हे माझ्या अंगात नव्हतंच. मी तसं सांगितलं, तेही कुजबुजत. ते उठले आणि मागं सरकले. ‘आता?’

‘अध्यक्ष महाशय…’

‘ऐकू यायना!’ आणखी मागं. ‘यायना!’ आणखी. गवत तुडवत, उलट्या पावली, ते बाभळींपर्यंत गेले, मग भिंतीपर्यंत. तिथून एवढेसे दिसत होते. कानाला हात लावून ओरडले, ‘काहीच ऐकू यायना!’

मला वाटलं, मुद्दाम करतायत. खेळ चाललाय यांचा! स्वतः झोपायचं आणि वर मलाच ऐकू येत नाही म्हणून सांगायचं! माझं डोकंच फिरलं. पोटातून, टाचांपासून ओढून आणला आवाज, आणि ओरडले, ‘अध्यक्ष! महाशय!’ टिटव्या उडाल्या. सगळं भाषण मी असं म्हटलं की कुरुळीला काय, मोशीपर्यंत गेलं असेल. शेवटचा शब्द झाला तेव्हा भिंतीपाशी पप्पांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज माझ्यापर्यंत जरा उशिरा येत होता. आणि मला एकदम फार एकटं वाटलं. मोठ्यानं बोलायचं तर पप्पा इतक्या लांब जायला हवेत, हे काही बरोबर नाही, असं वाटलं.

मग आम्ही घरी गेलो. मम्मीनं बोटानंच ‘कसं झालं?’ विचारलं, कारण भाऊ झोपला होता. पप्पा जेवले आणि झोपले. मी खाऊचा पुडा बाहेर जाऊन उघडला, आत कागद वाजला असता.

आता मी मारुंजीत भाड्यानं राहते, हिंजवडीत नोकरी करते. मीटिंगमध्ये मला दिवसातून एकदा तरी कुणीतरी ‘जरा मोठ्यानं बोलता का?’ म्हणतं. मी बोलते, टाचांपासून ओढून. मम्मी-पप्पा गावी परत गेलेत. पप्पांना आता फारच कमी ऐकू येतं. मीच त्यांना कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी यंत्र लावून तपासलं, काय काम करत होता विचारलं आणि म्हणाले, ‘हे आजचं नाही. फार जुनं आहे. प्रेसवर असताना पहिल्या काही वर्षांतच बरंचसं गेलं असणार.’

म्हणजे त्या दिवशी प्लॉटवर पप्पा खेळत नव्हते.

बाहेर बाकड्यावर बसलेल्या मम्मीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे कुकर वाजला असता तरी चाललं असतं गं.’ हसली. मग पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दिवाळीत गावी गेले होते. पप्पा जुन्या सवयीनं भर दुपारी झोपले होते, डोक्यावरून चादर. मम्मी शेजारी गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. मी त्यांच्या खाटेशेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता काय हरकत आहे? छपराचा पत्रा उडाला तरी हे उठायचे नाहीत. मी हात जोडले, दम घेतला.

‘अध्यक्ष महाशय,’ मी म्हणाले.

नुसते ओठच हलले.